बुवांचा उपवास

या मित्रांनो, जरा जवळ या. कठड्यावर बसा. चपला काढून बसलात तर उत्तम, कथेला बसताना आमच्या घरची तशी रीत आहे. पाण्यात हात मात्र घालू नका, बुवांचा डोळा लागला आहे. आज मी तुम्हाला एक आख्यान सांगणार आहे. त्यात राजा नाही, राक्षस नाही. एक आत्या आहे, एक मासा आहे, आणि एक हिवाळा आहे, जो शेवटपर्यंत आलाच नाही.

मी एक जुना हौद आहे. सिंगापूरच्या पूर्वेला, पासिर रिसमध्ये, एकाला एक लागून उभ्या असलेल्या घरांची एक ओळ आहे. त्यातल्या शेवटून दुसऱ्या घराच्या मागच्या अंगणात माझा मुक्काम. लांबी चार पावले, रुंदी तीन. खोली या घरातल्या छोट्या अवनीच्या कमरेइतकी, असे पूर्वी म्हणत. अवनी आता उंच झाली, मी तेवढाच राहिलो.

घरमालक लिम यांनी मला स्वतःच्या हातांनी बांधले, एकेक रविवार करून. तळाला निळ्या फरशा बसवल्या. एका कोपऱ्यात दगड रचून पंप लावला, म्हणजे पाणी वर चढून त्या दगडांवरून खाली पडे. त्यांच्या पत्नीला त्या आवाजात कपडे वाळत घालायला फार आवडे. पुढे ती माउली गेली. लिम मुलाकडे फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि घर भाड्याने दिले. पहिल्या भाडेकरूंना माझे काय करावे ते कळेना, म्हणून त्यांनी माझ्यात एक मोडका पंखा ठेवला. त्याच्या सोबतीला सायकलचे चाक आले. पंप बंद पडला, शेवाळ चढले. त्या अडगळीत लिम यांचा एकच मासा शेवाळ आणि डासांच्या अळ्या खाऊन तगून राहिला. मी त्याला धरून राहिलो आणि तो मला.

दोन हजार अकरा साली दिलीप आणि विनीता इथे राहायला आले. दोघे पुण्याचे. दिलीप जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. बेटाच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचे म्हणून उजाडायच्या आत घर सोडणारा. विनीता घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारी. अवनी तेव्हा पाच वर्षांची होती. दिलीपने दोन रविवार घालवून मला घासले. स्वच्छ पाणी भरल्यावर तो जुना मासा वर आला. अंगाने पांढरा, कपाळावर उभा केशरी पट्टा. विनीता म्हणाली, "अगं बाई, हे तर गंध लावून कीर्तनाला निघालेले बुवा दिसतात." तेव्हापासून ते बुवा. आम्ही सगळे त्यांना अहो-जाहोच करतो.

बुवांना सोबत म्हणून आठ छोटे मासे आले. कुंड्यांतून कमळे आली. कडेच्या उथळ पायरीवर विनीताने अळू लावला, कारण इथल्या बाजारातल्या अळूने घसा खाजतो अशी तिची खात्री होती. पंप पुन्हा वाजू लागला. गणपतीला येणारी मंडळी आरतीच्या आधी मला पाहून जाऊ लागली आणि मला थोडा गर्व झाला, खोटे कशाला सांगू.

आता मूळ कथेला येतो.

दोन हजार चौदाच्या नोव्हेंबरात दिलीपची थोरली बहीण विभा कॅनडाहून तीन महिन्यांसाठी आली. ती अवनीची आत्या, म्हणून माझीही आत्याच. त्याच वर्षीच्या जानेवारीत तिचे यजमान श्रीनिवास वारले होते. तिने बॅग उघडली तेव्हा साड्यांच्या खालून कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे निघाले, पुरुषी मापाचे. विनीताने ते पाहिले आणि काही विचारले नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ या न विचारण्यात आहे.

आत्या रोज चहाच्या वेळी माझ्या कठड्यावर येऊन बसे. फोनवर कीर्तन लावी आणि आवाज मोठा व्हावा म्हणून फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करी. मित्रांनो, त्याआधी मी पाऊस ऐकला होता, पंप ऐकला होता, लिम यांची शिट्टी ऐकली होती. कीर्तन ऐकले नव्हते. पूर्वरंगातले तत्त्व मला निम्मेच कळे. पण उत्तररंगात कथा ऐन रंगात यावी, आता पुढे काय होणार म्हणून जीव टांगणीला लागावा, आणि तेवढ्यात कीर्तनकाराने कथा तिथेच ठेवून पद उचलावे! मी तेव्हा हलायचे विसरत असे. देवाने पाण्याला ऐकण्याची शक्ती दिली असेल, तर ती यासाठीच दिली असणार.

तिसऱ्या दिवशी मोठा पाऊस झाला. वारा सुटला, शेजारच्या झाडाची पाने माझ्यावर येऊन पडली. आत्याने बराच वेळ त्या पानांकडे पाहिले आणि दिलीपला म्हणाली, "पाला पडायला लागला. हौद झाकायला हवा आता."

दिलीपने तोंड उघडले. विनीताने डोळ्यांनी ते मिटवले.

स्वयंपाकघराची खिडकी माझ्यावरच उघडते, त्यामुळे त्या घरातले मला काही ऐकू आले नाही असे होत नाही. विनीता म्हणाली, "तू काही बोलू नकोस. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून काही करायला घेतलंय."

"अगं, पण इथे कसला हिवाळा? डिसेंबरातसुद्धा माझा शर्ट दिवसातून दोनदा भिजतो."

"माहितीये मला. हात कामात राहतील त्यांचे. तेवढंच बरं."

यावर दिलीप म्हणाला, की लहानपणी ताईला नाही म्हणायची छाती झाली नाही, ती आता कुठून आणू.

मग तीन दिवस माझी हिवाळ्याची तयारी चालली. आत्याने ते मोठे हातमोजे चढवले आणि पाण्यात उतरली. तिचा हात इतका जाणता होता, की मला लिम यांची आठवण झाली. तिने कमळांची पाने बुडापासून दोन बोटे ठेवून कापली आणि कुंड्या उचलून तळाच्या सगळ्यात खोल जागी नेऊन ठेवल्या. कॅनडात वर बर्फ धरला तरी तळाशी मुळे जगतात. अळूही कापला. त्याच्या वड्या विनीताने केल्या आणि आत्याला आग्रह करकरून वाढल्या, पण स्वतः एकच खाल्ली. मग पंप काढला, धुतला, पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली : एप्रिल. शेवटी माझ्यावर जाळी ताणून चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. तिचे काम पाहून कुणीही वाहवा केली असती. एकही गाठ सैल नव्हती. फक्त देश चुकला होता.

माशांच्या खाण्याचा डबा तिने फळीच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला आणि सगळ्यांना सांगितले, की थंडीत माशांचे पोट झोपते, घातलेले पचत नाही, आतल्या आत कुजते. "आता वसंतापर्यंत बुवांना उपवास."

अवनी शाळेच्या गणवेशातच माझ्याजवळ उभी होती. ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "बट आत्या, हिअर नो विंटर, ला. वॉटर सो वॉर्म."

विनीता आतून म्हणाली, "अवनी, मोठ्यांना उलट बोलायचं नाही."

मित्रांनो, साऱ्या घरात खरे बोलणारी ती एकटी होती आणि गप्प बसवली गेली तीही एकटीच. आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थंडी सांगून येत नाही गं बाळा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. दिलीप कंपनीच्या बसला निघाला होता. गळ्यात पास, पायात जाड बूट. जाळीचा कोपरा उचलून त्याने चिमूटभर दाणे टाकले आणि हळूच म्हणाला, "खाऊन घ्या बुवा. ताईला सांगू नका."

दुपारी आत्या आडवी झाल्यावर पुन्हा खुर्ची सरकली. विनीताने दाणे टाकले, वर कुस्करलेला भात टाकला. "मुक्या जिवाचे हाल कशाला," असे पुटपुटली. शाळा सुटल्यावर अवनी आली. खुर्चीवर चढूनही तिचा हात दाण्यांपर्यंत पुरत नव्हता, म्हणून तिने शाळेच्या डब्यात उरलेली बिस्किटे आणली. "बुवा, डोन्ट टेल हं," ती म्हणाली.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी कीर्तन संपले, आत्याने हात जोडले, ओंजळीतले चुरमुरे थोडे स्वतःच्या तोंडात टाकले आणि उरलेले जाळीतून बुवांना दिले. "हा प्रसाद," ती त्यांना म्हणाली. "प्रसादाने उपवास मोडत नाही."

असा उपवास कुणी पाहिला आहे का? एरवी दोन वेळा जेवणारे बुवा आता चार वेळा जेवू लागले. आणि प्रत्येकाला वाटे, की आपण एकट्यानेच त्यांना जगवले आहे. त्यामुळे ज्याची चिमूट होती त्याची चार दिवसांत मूठ झाली.

आता माझे ऐका. माझ्यात पडलेले सगळे काही मासे खात नाहीत. उरलेले तळाशी जाते. एरवी कमळे आणि अळू त्यातले बरेचसे पिऊन घेतात आणि पंपाच्या पाण्यातून मला श्वास मिळतो. आता कमळे कापलेली, अळू पोटात गेलेला, पंप एप्रिलची वाट पाहत पिशवीत. भात आंबला, बिस्किटांचा लगदा झाला, चुरमुरे फुगले. माझे पाणी आधी हिरवे झाले, मग भुरे. मी काय करणार? पाण्याला बोलता येत नाही, फार तर वास देता येतो. मी वास दिला. दिलीप म्हणाला, बाहेरचे गटार तुंबले असेल.

आत्याला तो वास कळत होता का? तिचे मन तिथे नव्हतेच. ती कीर्तन संपल्यावरही उठत नसे. जाळीवर तळहात ठेवून बसून राही. एकदा तिने अगदी हळू आवाजात म्हटले, "झाकलंय हं. वेळेत झाकलंय." तिथे ऐकायला मी आणि बुवा दोघेच होतो, आणि ते आम्हाला उद्देशून नव्हते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस पाऊस थांबला आणि वारा पूर्ण पडला. पाचव्या दिवशी पहाटे माझ्यातला श्वास संपत आला. मासे एकेक करून वर आले आणि जाळीला तोंड लावून हवा मागू लागले. बुवाही आले. म्हातारे शरीर तिरके झाले होते आणि तोंड उघडत होते, मिटत होते, उघडत होते.

त्याच वेळी दिलीप नेहमीप्रमाणे जाळीचा कोपरा उचलून बसला होता. अंधुक उजेडात त्याला वाटले, मासे भुकेने वर आले आहेत. त्याने मूठभर दाणे घेतले. तेवढ्यात मागचे दार उघडले. आत्या देवाला फुले काढायला आली होती.

"दिलीप, काय करतोयस?"

"काही नाही ताई," पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस म्हणाला आणि मूठ पाठीमागे लपवली.

आत्याने त्याच्या मुठीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले, आणि तिचा चेहरा बदलला. "टाकू नकोस. भूक नाहीये ही, जीव चाललाय त्यांचा. जाळी काढ आधी. विनीता, पंप आण!"

त्या घरात मोठ्याने हाक मारली गेली ती तेवढीच. विनीता धावत आली, तिने एप्रिलची चिठ्ठी तशीच ओढून फाडली. अवनी झोपेतून उठून आली आणि नळाची नळी घेऊन धावली. आत्याने तिचा हात धरला. नळाच्या पाण्यात औषध असते, ते माणसाला चालते, माशांचे कल्ले जाळते. ते तसेच माझ्यात ओतले असते, तर मासे तिथेच संपले असते. "पावसाचं पाणी आहे ना पिंपात? ते आण. तांब्या तांब्याने, उंचावरून ओत." पागोळ्यांखाली जाळीचे झाकण लावलेले निळे पिंप होते, ते नोव्हेंबरच्या पावसाने काठोकाठ भरलेले होते. दिलीप बुटांसकट माझ्यात उतरला. तो तळाचा कुजका लगदा बादलीने उपसू लागला. आत्या माझेच पाणी पातेल्यात घेऊन डोक्याच्या उंचीवरून खाली ओतत होती, म्हणजे पडता पडता ते हवा घेऊन येईल. कीर्तनाचा फोन ठेवायचे तेच ते पातेले. कंपनीची बस कधीच निघून गेली होती, पण ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

ऊन अंगणात आले तेव्हा दगडांवरून पाणी पडू लागले. दोन छोटे मासे गेले. अवनीने त्यांना अंगणाच्या कोपऱ्यात, कढीपत्त्याखाली पुरले. बुवा बराच वेळ पडत्या पाण्याखाली तिरके थांबले होते. मग हळूहळू सरळ झाले, शेपूट एकदा हलवले आणि खाली गेले. माझ्या तळाला त्यांचा स्पर्श झाला, तो मी अजून विसरलेलो नाही.

सगळे कठड्यावर बसले, चिखलाने माखलेले. दिलीपने आधी कबूल केले. मग विनीताने. अवनी म्हणाली, "मी पण. बिस्किट्स." मग आत्या म्हणाली, "आणि मी चुरमुरे." कुणाला तरी हसू आले आणि ते चौघांत फिरले. पण आत्याचे हसू पूर्ण व्हायच्या आत मोडले.

"मला काय, कळत नव्हतं इथे थंडी नाही ते?" ती म्हणाली. "हातमोज्यांत घामाचं पाणी झालं होतं माझ्या. पण हात थांबेनात."

मग तिने सांगितले. तिच्या घरामागे श्रीनिवासांनी खणलेले एक छोटे तळे होते. वीस वर्षे दर ऑक्टोबरात दोघे मिळून ते हिवाळ्यासाठी तयार करीत. तो पाण्यात उतरे, ती वरून हातात एकेक वस्तू देई. शेवटच्या वर्षी ऑक्टोबरात तो हॉस्पिटलात होता. तिला घरी यायला वेळच मिळाला नाही. नोव्हेंबरात एकदा त्याने पलंगावरून विचारले, तळे झाकलेस का?

"मी हो म्हणाले. त्याला बरं वाटावं म्हणून. तो म्हणाला, आता काळजी नाही. वसंतात बर्फ वितळला तेव्हा एकही मासा नव्हता राहिला. तोवर तोही नव्हता." ती माझ्याकडे पाहत होती. "इथे आल्यावर वाटलं, एकदा तरी वेळेत झाकू दे. तुम्ही कुणीतरी म्हणायचं होतं रे, ताई, पुरे."

दिलीप तिच्याशेजारी सरकून बसला. तो म्हणाला, "ताई, पुरे." वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने तिला पहिल्यांदा अडवले. तिने त्याच्या खांद्यावर डोके टेकले. विनीता आत जाऊन चहा करून घेऊन आली.

पुढच्या आठवड्यात माझी पुन्हा तयारी झाली, पण या वेळी इथल्या ऋतूची. डिसेंबर-जानेवारीत इथे धो धो पाऊस असतो. तेव्हा जास्तीचे पाणी जायची नळी साफ करून तिच्या तोंडाशी जाळीचा तुकडा बांधला, म्हणजे भरून वाहिलो तरी मासे बाहेर जाणार नाहीत. कमळाच्या कुंड्या पुन्हा वर उजेडात आल्या. अळूच्या कंदांना कोंब फुटले होते, ते पायरीवर लागले. दाणे दिवसातून दोनदा, आणि घातले की भिंतीवरच्या पाटीवर खूण करायची. पाटी अवनीच्या ताब्यात. पाण्यात दिलीप उतरला, ते मोठे हातमोजे घालून. आत्या वरून हातात एकेक वस्तू देत होती.

जाताना ती हातमोजे इथेच ठेवून गेली.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तिचा फोन आला. अवनीने तो तसाच आणून माझ्यासमोर धरला. आत्याच्या मागे लाल पानांचे झाड होते, अंगात जाड कोट होता. तिने विचारले, "पाणी कसं आहे?" अवनीने हात घालून पाहिला. "वॉर्म, आत्या. बुवा जेवले. मी खूण केली."

"शहाणी गं माझी," आत्या म्हणाली. मग तिने फोन फिरवून तिकडचे तळे दाखवले. त्यावर जाळी ताणलेली होती, चारी कोपरे घट्ट. खाली नवे दोन मासे होते. शेजारणीने मदत केली म्हणे, आत्याने तिला आपणहून बोलावले होते. "काल झाकलं," ती म्हणाली. "वेळेत."

मित्रांनो, माझे आख्यान संपले. उपदेश करण्याइतका मी खोल नाही, कमरेइतकाच आहे. तरी एवढे सांगतो. कुणाची काळजी घ्यायची असेल तर आधी त्याच्या पाण्यात हात घालून पाहा, ते कोमट आहे की गार. कुणाचे चुकते आहे असे दिसले, तर प्रेमापोटी गप्प बसू नका, प्रेमाने सांगा. आणि जे वाढायचे ते चोरून वाढू नका. चार जणांच्या चोरट्या मायेने मी मरायला टेकलो होतो, चार जणांनी मिळून ओतलेल्या पाण्याने वाचलो.

आता उठा, चपला घाला, घरी वाट पाहत असतील. फक्त एक करा. श्रीनिवास नावाच्या गृहस्थांना मी कधी पाहिले नाही, पण नळाचे पाणी घालू नये हे आत्याला त्यांनीच शिकवले होते. बुवा आज माझ्या तळाशी झोपले आहेत ते त्यांच्यामुळे. पुढच्या वेळी एखाद्या माशाला दाणे टाकाल, तेव्हा मूठ उघडण्याआधी क्षणभर त्यांची आठवण काढा. आणि जमले तर मनातल्या मनात त्यांना सांगा, की तळे झाकले आहे.